पोळ्याच्या दिवशी पट्टा घसरला

नोकरीत मी दोन विद्या शिकलो. एक म्हणजे गायीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून, तिची लाथ न खाता, हवं ते चाचपायचं. दुसरी म्हणजे मोपेडचा पट्टा ओला झाला की चारचौघांत शिव्या न देता ती ढकलत न्यायची. पहिलीचं प्रशिक्षण खात्यानं दिलं. दुसरी त्याहून अवघड, ती माझी मलाच शिकावी लागली. दिवाळी अंकवाल्यांनी माझ्याकडे ‘सेवेतले प्रेरणादायी प्रसंग’ मागितले आहेत. प्रेरणेची हमी मी देत नाही. झालीच कोणाला, तर मोपेड न घेण्याची होईल.

मी स्टॉकमन होतो. गुरांचे खरे डॉक्टर मंगरूळपीरला खुर्चीत बसत, आणि मी आसेगावला एक खोली, एक औषधांचं कपाट आणि बाहेर गुरं अडकवायचा एक लाकडी खोडा एवढ्या संसारात आसपासची खेडी सांभाळत असे. घटसर्पाची लस टोचायची, गोऱ्हे बडवून त्यांचे बैल करायचे, अडलेली म्हैस सोडवायची, आणि बर्फाच्या थर्मासातून आलेलं जातिवंत वळूचं बीज माजावरच्या गायीला द्यायचं. मी डॉक्टर नाही, हे लोकांना समजावून सांगायचा सुरुवातीला मी प्रामाणिक प्रयत्न केला. एक म्हातारा म्हणाला, “असू द्या ना साहेब, आमची म्हैस तरी कुठी मॅट्रिक हाय?” त्यानंतर मी सांगणं सोडलं आणि मुकाट्यानं डॉक्टर झालो.

हे सत्तरच्या दशकातलं. वाशीम तेव्हा जिल्हा नव्हता, अकोल्याचा तालुका होता. रस्त्यांच्या बाबतीत सरकारचं धोरण असं, की उन्हाळ्यात धूळ द्यायची आणि पावसाळ्यात तिचाच चिखल करून द्यायचा. आमची माती काळी. भिजली की पायाला धरते आणि सोडायचं नाव घेत नाही. सायकल चालवायची म्हटलं तर चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये माती अशी ठासते, की चाक फिरत नाही, आणि मग सायकल माणसावर बसून येते. म्हणून मी मोपेड घेतली, आणि जास्त वजनाची आपत्ती खांद्यावर घेतली.

ती मला वाशीमच्या कोर्टातल्या एका कारकुनानं विकली. भर उन्हाळ्यात विकली, यावरून त्याची हुशारी आणि माझी अक्कल दोन्ही दिसतात. सायकलच्या अंगात आलं तर जे होईल ते म्हणजे ही गाडी. गियर नाही. इंजिनाच्या बाजूला एक लहान चाकी, तिच्याखाली एक मोठी, आणि दोघींवरून ताणून घातलेला रबरी पट्टा. इंजिन लहान चाकी फिरवतं, पट्टा मोठी फिरवतो, आणि मोठीला जोडलेली साखळी मागचं चाक फिरवते. सगळा कारभार त्या पट्ट्याच्या पकडीवर. पट्टा कोरडा तोवर तुम्ही साहेब. तो भिजला की घसरतो. मग इंजिन बोंबलतं, धूर निघतो, रबर जळाल्याचा वास येतो, आणि चाक जागच्या जागी उभं. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मला अगदी घरच्यासारखं वाटलं. आमच्या खात्यातही वरून परिपत्रकांचा असाच कल्लोळ असायचा आणि खाली काडी हलायची नाही.

पट्ट्यावर उपाय सांगणारे पुष्कळ भेटले. आसेगावचे पिठाच्या गिरणीवाले रज्जाकभाई म्हणाले, “पट्टा फिसलता है तो राळ लगाव, हम तो रोज लगाते.” त्यांच्या गिरणीचा पट्टा वीतभर रुंद, तेलाच्या इंजिनावर चालणारा. मी राळेची पूड घेतली, माझ्या बोटभर पट्ट्याला मनापासून चोळली आणि गाडी सुरू केली. पट्ट्यानं चाकीला असं धरलं, की गाडी माझ्याखालून निघून गेली आणि मी रस्त्यावर बसून तिच्याकडे बघत राहिलो. पुढं त्या राळेत चिखल मिसळून जे काही झालं, ते घासलेटनं धुताना माझी एक रविवारची सुट्टी गेली. रज्जाकभाई म्हणाले, राळ मोठ्या पट्ट्यासाठी असते, छोट्याला कोण लावतं? मी म्हटलं, मी.

शेवटी चुलीची राख कामाला आली. पट्टा फडक्यानं पुसायचा, दोन्ही चाक्या पुसायच्या, कोरडी राख चोळायची, इंजिन थोडं मागं सरकवून पट्टा ताणायचा आणि पायंडल मारत निघायचं. पावसाळाभर मी राखेचा डबा जवळ ठेवायचो. त्यातून वेगळंच लचांड उभं राहिलं. लोकांनी पाहिलं, डॉक्टर गाडीला अंगारा लावतो आणि गाडी चालते. मग म्हाताऱ्या बाया चिमूटभर मागू लागल्या. मी कितीही म्हटलं, माय, ही माझ्याच चुलीतली राख आहे, तरी त्या डोळा बारीक करून हसायच्या आणि पदरात बांधून न्यायच्या. त्या राखेनं गुरं बरी व्हायची. माझ्या औषधानं झाली तरी श्रेय राखेलाच जायचं, आणि जनावर मेलं तर ते मात्र माझ्या औषधानं मेलेलं असायचं.

आता त्या गावाची गोष्ट. गावाचं नाव सांगत नाही, तिथली नातवंडं आता हे अंक वाचतात. आसेगावहून नाला ओलांडून गेलं की ते लागायचं, एवढं पुरे. तिथल्या पाटलांकडे एक गाय होती, मोठ्या हौसेनं संकरासाठी पाळलेली. ती माजावर आली की पाटलांचा माणूस धावत यायचा, आणि मी गेलो की खास आदर व्हायचा. काम झालं की हात धुवायला पाणी वरून, दूर उभं राहून ओतत. चहा ओसरीच्या खाली मिळे, आणि कप गोठ्याच्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला. आमचं घर छप्पन साली दीक्षा घेतलेलं, हे पाटलांना पक्कं ठाऊक होतं. माझा हात त्यांच्या गायीच्या पोटात खांद्यापर्यंत चाले, त्यांच्या कपाला चालत नसे. मी पहिल्यांदा चहा घेतला. नंतर नेहमी सांगायचो, आताच पिऊन आलो. राग यायचा, खूप यायचा, पण गायीचा काय दोष? तिचं काम मी नीटच केलं.

त्याच गावात गणपत आणि किसन हे दोन कास्तकार. दोघांकडे एकेकच बैल. गणपतचा तांब्या, किसनचा काबऱ्या. दोघांनी सावड केलेली, म्हणजे दोन्ही बैलांची मिळून एक जोडी. आज तुझं वावर, उद्या माझं. गणपत कुणब्याचा, किसन आमच्यातला. गावाला ही सावड फारशी पसंत नव्हती, पण गावानं काही तिसरा बैल दिला नव्हता. बैलांनी मात्र एकमेकांची जात कधी विचारली नाही आणि सात-आठ वर्षं सरळ तास धरला. किसन आमच्या बौद्ध मंडळाचा सेक्रेटरी होता. स्वभावानं करडा. जुन्या चालीरीती सोडा म्हणून सभेत बोलायचा आणि बोलायचा तसा वागायचाही. त्याच्या दारात पोळा होत नसे. त्या दिवशी काबऱ्याला आंघोळ आणि आराम मिळे, पण ना शिंगांना रंग, ना तोरणाखाली जाणं, ना पुरणपोळी.

बाहेरच्यांसाठी सांगतो, पोळा हा आमच्याकडे बैलाचा सण. आदल्या संध्याकाळी त्याचे खांदे लोणी-हळदीनं मळतात आणि त्याला तोंडानं निमंत्रण देतात, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.” दुसऱ्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नाही, म्हणजे नाहीच. उकडलेल्या ज्वारीचा ठोंबरा आणि पुरणपोळी चारायची. दुपारनंतर गावातले बैल तोरणाखाली उभे राहतात, आणि लोक झडत्या म्हणतात. झडती म्हणजे यमक जुळवून भर गावात एकमेकांची उडवलेली टर. वर्षभर ज्याला तोंडावर बोलता येत नाही, त्याला त्या दिवशी बोलून घेतात.

त्या वर्षी पोळ्याच्या दिवशी पाऊस आडवा पडत होता. दुपारी गणपत माझ्या दारात आला, गुडघ्यापर्यंत चिखलाचा. काबऱ्या फुगला, म्हणाला. सकाळपासून रवंथ नाही, डावी कूस ढोलासारखी, आता जीभ बाहेर काढून श्वास घेऊन राह्यला. मी पिशवी उचलली. राखेचा डबा उघडला तर तळ दिसत होता. आदल्या आठवड्यात कोण्या माऊलीनं माझ्या मागं सगळा अंगारा नेला होता. चुलीतली घ्यावी तर छप्पर गळून चूल ओली. गणपतच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्याला मागं बसवून तसाच निघालो.

वाटेत एक गोष्ट त्यानं सांगितली, ती पोटफुगीपेक्षा वाईट होती. तोरण बांधताना पाटील बोलले होते. गणपतनं ते जसंच्या तसं सांगितलं: “पोळा सोडला ना किसननं? मंग बैल बी त्याले सोडून चालला.” लोकांनी माना हलवल्या होत्या. म्हणजे काबऱ्या आज मेला असता तर नुसता बैल गेला नसता. किसननं चालरीत सोडली म्हणून बैलानं जीव सोडला, हे त्या गावात पिढ्यान् पिढ्या सांगितलं गेलं असतं. सावड मोडली असती, कारण शापाच्या बैलवाल्याशी कोण सावड करणार? आणि गणपतचा तांब्याही एकटा काय कामाचा? हे ऐकल्यावर माझा पायंडलवरचा पाय जरा जोरात पडू लागला. मी शासकीय नोकर, तटस्थ वगैरे असायला हवा होतो. नव्हतो.

नाल्यात मोपेड घालायची एक रीत असते. पट्ट्याच्या पत्र्याच्या झाकणाला वरून रबरी पिशवी गुंडाळायची, थांबायचं नाही, इंजिन मोठं ठेवायचं, आणि देवाला मानत असाल तर त्याचं नाव घ्यायचं. मी पहिल्या तीनही गोष्टी केल्या. पलीकडे पोचलो, पण पिशवी मध्येच निघून वाहत गेली होती. चढाला लागताच पट्टा घसरला. इंजिन बोंबलत होतं आणि चाक चिखलात उभं. मी पट्टा पुसला, पण पुसायचं फडकंच पिळून पाणी निघण्यासारखं. शेवटी पिशवीतली जखमेवर टाकायची पूड काढली आणि ती पट्ट्याला चोळली. सरकारी औषधाचा तो बहुधा सगळ्यात उपयुक्त वापर असावा. गाडी थोडी चढली, पुन्हा पाऊस लागला, पुन्हा घसरली. गाडी सोडून पायी जावं तर नाल्याला पाणी चढत होतं. गाडी तिथं ठेवली असती तर दुसऱ्या दिवशी ती खालच्या गावातल्या स्टॉकमनला मिळाली असती.

तेवढ्यात पाटलांचा सालदार बैल घेऊन आला, नाल्यावर पाणी पाजून परत चाललेला. शिंगं रंगवलेली, पाठीवर झूल. मी म्हटलं, बाबा, एवढा चढ ओढून दे. त्यानं बैलांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, “डॉक्टर, आज याईच्या मानेवर जू ठेवलं तं उद्या पाटील माह्या मानेवर ठेवीन.” त्याचं खरं होतं. त्या दिवशी गावात ओढायचं काम करू शकेल असा एकही बैल नव्हता. उरली होती ती फक्त माणसं.

किसन गावाकडून धावत आला होता. गणपतच्या कमरेला तांब्यासाठी घेतलेला नवाकोरा कासरा होता. दोघांनी तो गाडीच्या पुढच्या दांड्याला बांधला, खांद्यावर घेतला आणि ओढायला लागले. मी हँडल धरून वर बसलो, कारण कोणीतरी गाडी सरळ ठेवायला हवी होती. पायंडलही मारत होतो, पण त्याचा उपयोग मनाच्या समाधानापुरता. अशी आमची वरात गावात शिरली, आणि वाट नेमकी तोरणाखालून. सगळं गाव तिथं जमलेलं. रंगवलेले बैल आरामात उभे, आणि त्यांच्यासमोरून दोन माणसं जुतलेली. एका झडतीवाल्यानं तिथल्या तिथं जुळवली:

“गाडी डॉक्टरची नाल्यात फसली,
माणसाची जोडी दोराले जुतली,
बैलाले सुट्टी, माणसाले जू,
हाक गा डॉक्टर, जोडीचा धनी तू!
बोला, हर हर महादेव!”

गाव पोट धरून हसलं. झडती चांगली होती, हे मी आजही मान्य करतो. पाटील हसले नाहीत. ते काबऱ्या मरायची वाट पाहत होते.

किसनच्या अंगणात काबऱ्या पाय फाकून उभा होता. डावी कूस पाठीच्या वर आलेली, टिचकी मारली की टणटण वाजत होती. आता पोटफुगीची गंमत अशी, की ती एका जातीची नसते. कोवळा हिरवा चारा खाऊन गॅस धरला असेल तर तेल पाजायचं. गोडाचं आणि धान्याचं आंबलं असेल तर तेलानं भागत नाही, सोडा द्यावा लागतो आणि पाणी तोडावं लागतं. म्हणून पहिला प्रश्न एकच, काय खाल्लं? किसननं छाती काढून सांगितलं, फक्त कडबा. “आमी पोळा करत नाही, तुमाले माहीत हाय.” गणपतला विचारलं. तो म्हणाला, मी कायले दुसऱ्याच्या बैलाले चारू? किसनची म्हातारी माय दाराच्या चौकटीला धरून उभी होती. गणपतची बायको शेवंताबाई कुंपणापाशी. दोघी जमिनीकडे पाहत होत्या. गुराच्या डॉक्टराला एक गोष्ट कळायलाच हवी: जनावर बोलत नाही म्हणून अवघड, हे खोटं आहे. अवघड माणसं असतात, कारण ती बोलतात.

किसनच्या शब्दावर विश्वास ठेवून मी जवसाचं तेल पाजलं, तोंडात आडवी काठी बांधली, पुढचे पाय उंचावर घेतले. काही फरक पडला नाही. काबऱ्याच्या पायांना कंप सुटला आणि तो गुडघ्यावर आला. आता थांबणं शक्य नव्हतं. माझ्याकडे त्यासाठी एक हत्यार असायचं, नळीत बसवलेली जाड सुई. डाव्या कुशीच्या खळग्यात ती सरळ पोटात घुसवायची, सुई काढून घ्यायची आणि नळी तशीच ठेवायची. पाहणाऱ्याला वाटतं, डॉक्टरनं बैलाला भोसकलं. किसननं मान धरली. मी घुसवली.

हवा निघाली, पण पुरती नाही. तिच्या मागून फेस आला. पिवळा, घट्ट. आणि त्याचा वास अंगणभर पसरला. आंबट, गुळाचा. त्यात हरभऱ्याच्या डाळीचे कण. कडबा खाल्लेल्या बैलाच्या पोटातून पुरण निघत होतं.

किसननं आधी फेसाकडे पाहिलं, मग गणपतकडे. गणपतनं बायकोकडे पाहिलं. शेवंताबाईला हुंदका आला आणि तिनं सांगून टाकलं. आपला तांब्या ठोंबरा खाईल आणि त्याचा जोडीदार सणाच्या दिवशी कडबा चघळत बसेल, हे तिला बघवेना. रात्री गपचूप तिनं काबऱ्यापुढं ठोंबऱ्याची पाटी ठेवली होती. मी म्हटलं, बाई, ठोंबरा समजला, पण हे पुरण? ते मी नाही दिलं, म्हणाली. आणि मग चौकटीतून म्हातारी बोलली. पहाटे किसन वावराकडे गेल्यावर तिनं पोळ्या केल्या होत्या. घरात कोणाला एक घास न देता सगळ्या बैलाला चारल्या, म्हणजे घरानं सण केला असं व्हायला नको.

दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. काबऱ्या दोन घरचा होता, आणि दोन्ही घरांनी आपापल्या चोरीनं त्याला गळ्यापर्यंत भरला होता.

किसनचा चेहरा उतरला. “माय, आपन सोडलं ना हे सारं?” एवढंच म्हणाला.

म्हातारी शांत होती. “मी देव सोडले बाप्पा. पाटावरचे, कोनाड्यातले, सारे माह्या हातानं नदीत टाकून आली. त्याईनं आपलं काय भलं केलं व्हतं? पन बैलानं काय केलं व्हतं रे? तो तं आपल्यासाठी राबला.”

“मले तरी सांगाचं.”

“तुले सांगतलं असतं तं तू भाषन देल्लं असतं.”

मी आयुष्यात पुष्कळ सभा ऐकल्या, पण एवढं नेमकं उत्तर कोणत्याही व्यासपीठावरून ऐकलं नाही. मी स्वतः दीक्षेच्या घरचा. बावीस प्रतिज्ञांत देवांची नावं होती, बैलाचं नव्हतं, हे माझ्या तरी कधी लक्षात आलं नव्हतं. त्या क्षणी मला माझी आई आठवली आणि डोळ्यांत पाणी आलं. ते फेसाच्या वासानं आलं, असं मी दाखवलं.

पण काबऱ्या अजून गुडघ्यावर होता. मी ओरडलो, सोडा आणा, खायचा सोडा. पोळ्याचा दिवस, घरोघर वडे तळलेले, त्यामुळे सोडा प्रत्येक चुलीपाशी होता. शेवंताबाई पदरात घेऊन धावली. शेजारपाजारच्या बाया आल्या. पाटलांच्या घरूनही एक पुडी आली, सालदाराच्या हाती. आत्तापर्यंत काय झालं ते तोरणापर्यंत पोचलं असावं. सालदारानं मात्र पुडी वरून टाकली नाही. हातात दिली आणि तिथंच उभा राहिला.

सोडा कालवून पाजला, थोड्या वेळानं पुन्हा पाजला. पाण्याची टाकी झाकली. मग सालदारासकट चौघांनी रेटून काबऱ्याला उभं केलं आणि अंगणात फिरवायला सुरुवात केली. किसन एका बाजूनं, गणपत दुसऱ्या बाजूनं, मी मागून कूस चोळत. मी त्यांना सांगितलं, याच्याही पोटाचा पट्टा घसरलाय. वर इंजिन उकळतंय आणि खाली काही फिरत नाही. पट्ट्यानं धरलं की ढेकर देईल. तोरणाखालचे लोक एकेक करून इकडं सरकले. पोळ्याचे मानाचे बैल तिकडं उभे, आणि गाव इकडं एका बैलाच्या ढेकरीची वाट पाहत उभं.

दिवस कलताना काबऱ्यानं ढेकर दिली. साधीसुधी नव्हे. गणपतच्या तोंडासमोर दिली, आणि तो तसाच उभा राहिला, डोळे मिटून, चेहऱ्यावर अत्तर मारल्यासारखा. पाठोपाठ बैलानं रवंथ सुरू केला. म्हातारी मटकन खाली बसली आणि रडली.

पाटील दुरून पाहून म्हणाले, सणाचा दिवस, देवानं वाचवला. म्हणजे मेला असता तर देवानं मारला असता आणि जगला म्हणून देवानं वाचवला. मी आणि माझी नळी कुठंच नाही. पण या वेळी माना हलल्या नाहीत. झडतीवाला मोठ्यानं म्हणाला, देवाच्या पोळीनंच तं फुगला व्हता, पाटील. त्या दिवशी बोलायची मुभा असते. पाटील झूल घातलेले बैल घेऊन घरी गेले.

पुढं पुष्कळ झालं. मी काही वर्षं त्याच भागात राहिलो, पाटलांची गाय माझ्या हातून दोनदा व्याली, आणि कप कोनाड्यातच राहिला. आता नाल्यावर पूल आहे, मोपेडी भंगारात गेल्या, आणि ट्रॅक्टरला सावड लागत नाही. किसन आणि गणपतच्या मुलांचं एकमेकांशी बोलणं आहे, पण कामापुरतं. ट्रॅक्टरला कोणी चोरून पोळी चारत नाही, हे एक बरं, आणि हेच वाईट.

पण मला सांगायचंय ते पुढच्याच वर्षीचं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी गणपत आणि किसन दोघं माझ्या दारात आले. मी पिशवीला हात घातला, विचारलं, आता कोण फुगलं? गणपत म्हणाला कोणी नाही. मग दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि किसननं, मंडळाच्या सेक्रेटरीनं, हात जोडून म्हटलं, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.”

मी म्हटलं, अरे हे आवतन तर बैलाला देतात. गणपत म्हणाला, काबऱ्याचं यंदा कमी केलं डॉक्टर, त्याच्या वाट्याचं तुमी खा.

पाटलांच्या घरी इतक्या फेऱ्या मारून मला माणसाचा मान मिळाला नव्हता. इथं बैलाचा मिळत होता. मी क्षणभरही विचार न करता बैलाचा घेतला.

दुसऱ्या दिवशी गणपतच्या घरात, चुलीसमोर, पाटावर बसून जेवलो. त्यांच्याच ताटात, त्यांच्याच पेल्यानं पाणी पिऊन. शेवंताबाई वाढत गेली आणि मी नाही म्हणू शकलो नाही. तिथून उठलो तर म्हातारीनं हात धरून तिच्या घरी नेलं. तिथं किसननं स्वतः वाढलं. भाषण केलं नाही. मी दोन्ही घरी जेवलो. परतताना नाल्याच्या चढावर पट्टा घसरला. पाऊस थांबला होता, फडकं कोरडं होतं, राखेचा डबा काठोकाठ भरलेला होता. तरी मी संध्याकाळपर्यंत तिथंच काठावर बसून राहिलो, कारण मला वाकता येत नव्हतं.